जालन्याहून एर्रागड्ड्यास : एका रुग्णालयाचा आणि त्यातील माणसांचा इतिहास

सिकंदराबाद व हैदराबाद येथील मराठी माणसांनी वेळोवेळी काढलेल्या स्मरणिकांमधून शाळा, ग्रंथालये, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळे आणि पतपेढ्या यांचे वृत्तांत आजवर पुष्कळ आले आहेत, आणि ज्यांनी पदरमोड करून, दारोदार वर्गणी मागून त्या संस्था उभ्या केल्या त्यांची नावे पुढील पिढ्यांना कळावीत म्हणून ते येणे आवश्यकही होते. प्रस्तुत लेखात ज्या संस्थेचा इतिहास सांगावयाचा आहे तिच्यासाठी मात्र कोणी वर्गणी काढली नाही, आणि आपल्या घरातील अमुक एक मनुष्य तेथे होता असे चारचौघांत सांगणारा गृहस्थही सहसा आढळत नाही. मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर एर्रागड्डा येथे असलेले सरकारी मनोरुग्णालय, म्हणजे आजची मानसिक आरोग्य संस्था, ही ती संस्था होय. तिचा मराठी माणसाशी संबंध काय, असा प्रश्न तरुण वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, १९५३ साली एर्रागड्ड्यास येण्यापूर्वी हे रुग्णालय जालन्यास होते. निजामाच्या सबंध राज्यातील मनोरुग्णांना ठेवण्याची जागा सुमारे अर्धशतकभर मराठी मुलखात होती, आणि तेथे ज्यांचे आयुष्य गेले त्यांत मराठवाड्यातील कित्येक घराण्यांची माणसे होती, ज्यांची नावे आज त्या घराण्यांनाही ठाऊक नाहीत.

प्रारंभी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हैदराबाद संस्थानात वेडाने पीडित झालेल्या माणसांसाठी निराळी इमारत नव्हती. त्यांना तुरुंगाच्या आवारातच ठेवीत. ही गोष्ट आज ऐकताना कठोर वाटते, परंतु त्या काळच्या राज्यकर्त्यांना, मग ते निजामी असोत वा इंग्रज, वेडा मनुष्य हा मुख्यतः बंदोबस्ताचा विषय वाटे. रस्त्यात दंगा करणारा, वस्त्रे टाकून हिंडणारा, कोणाच्या अंगावर धावून जाणारा इसम कोतवालाच्या ताब्यात जावयाचा, आणि कोतवालाजवळ त्याला ठेवण्यास तुरुंगाखेरीज दुसरी जागा नसावयाची. सर सालारजंगांच्या सुधारणांनंतर संस्थानात जिल्हाबंदी झाली, महसूल, न्याय, पोलीस अशी खाती वेगळी झाली, आणि तबाबत म्हणजे वैद्यकीय खात्याच्या वतीने जागोजागी दवाखाने निघाले. तरीही या एका वर्गातील रोग्यांचा ताबा दीर्घकाळ तुरुंगाच्या भिंतींकडेच राहिला. गुन्हेगार कैद्याला निदान शिक्षेची मुदत असे. यांना मुदत नव्हती.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात जालन्याचे वेड्यांचे इस्पितळ अस्तित्वात आले. कुंडलिकेच्या काठचे जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठाणे होते. जालना जिल्हा झाला तो १९८१ साली. व्यापाराने संपन्न असलेल्या या गावाला हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेची छावणी कित्येक दशके लाभली होती, आणि १९०३ मध्ये कंटिन्जंट मोडून ती फौज हिंदुस्थान सरकारच्या सैन्यात सामील केली गेल्यावर त्या छावणीचे वैभव ओसरले. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाला होता, आणि जालना त्या मार्गावरील महत्त्वाचे स्थानक होते. वरंगळ, नलगोंडा वा महबूबनगरकडील रोग्याला जालन्यास न्यावयाचे तर आगगाडीची वाट हीच. गोदावरी ओलांडून, नांदेड, परभणी मागे टाकीत जाणाऱ्या त्या गाडीत एका बाजूस पोलिसाचा जवान आणि दुसऱ्या बाजूस डोके खाली घालून बसलेला भाऊ वा बाप, अशा स्थितीत या सिकंदराबादेतून किती माणसे त्या प्रवासास गेली असतील, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

इस्पितळाची पायरी चढण्यापूर्वी रोग्याची आणि त्याच्या घराची किती वणवण होई हेही ध्यानात घेतले पाहिजे. आधी घरच्या देवाला कौल लावावयाचा, मग गावच्या जाणत्याला विचारावयाचे, त्यानंतर गाणगापूरची वारी. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान आणि निर्गुण पादुकांपुढे धरणे, हा निजामी मुलखातील मराठी व कानडी कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्यांचा परिपाठ होता, आणि गुण न आला तर दर्ग्याला नवस बोलण्यास कोणी मागेपुढे पाहत नसे. घरात एका खोलीत कोंडणे, पायात साखळी घालणे, हेही घडे. ते दुष्टपणाने घडे असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण विहिरीत उडी घेणाऱ्या मुलाला बांधून ठेवणाऱ्या आईपुढे दुसरा इलाज नसे. सर्व उपाय थकल्यावर अर्ज, पंचनामा, वैद्यकीय दाखला आणि अधिकाऱ्याचा हुकूम. ब्रिटिश मुलखात १८५८ च्या आणि त्यानंतर १९१२ च्या कायद्याने जी रीत घालून दिली, तिच्यात मनुष्याला आत घेण्याची तजवीज जितकी तपशीलवार होती तितकी त्याला बाहेर आणून पुन्हा संसारात बसविण्याची नव्हती. संस्थानी कारभारही साधारण त्याच वळणाचा होता. नातलगाने हमी देऊन घेऊन जावे, एवढाच बाहेरचा रस्ता. आणि नातलग आलाच नाही, तर बरा झालेला मनुष्यही रोगीच.

जालन्याच्या इस्पितळासंबंधी एक गोष्ट विशेष मननीय आहे. हैदराबाद संस्थान हे तेलुगू, मराठी, कानडी आणि उर्दू अशा चार भाषांचे राज्य होते. दप्तराची भाषा उर्दू, गावाची भाषा मराठी, आणि रोगी चारही भाषांचे. देहाच्या रोगात नाडी पाहून, जीभ पाहून काही निदान करता येते. मनाच्या रोगात रोग्याचे बोलणे हेच मुख्य लक्षण आणि तेच मुख्य साधन. नलगोंड्याच्या शेतकऱ्याने जालन्याच्या मराठी रखवालदारापुढे काय बोलावे, आणि रायचूरच्या कानडी बाईचे म्हणणे उर्दूत लिहून घेणाऱ्याने काय लिहावे? जे कळत नाही ते बरळणे समजले जाते, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे. अशा कितीतरी माणसांच्या तक्रारी, आठवणी, विनवण्या त्यांच्या भाषेचा मनुष्य जवळ नसल्यामुळे बरळण्यात जमा झाल्या असतील, असे अनुमान करण्यास कोणत्याही कागदाची आवश्यकता नाही.

स्वातंत्र्यापूर्वीच्या वेड्यांच्या इस्पितळांची एकंदर अवस्था काय होती याविषयी मात्र कागद उपलब्ध आहेत. देशातील आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीसाठी रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील इस्पितळांची पाहणी केली, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणे ही उपचाराची नसून माणसे अडकवून ठेवण्याची आहेत असा स्पष्ट अभिप्राय दिला. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. मुंबई इलाख्यात येरवडा, ठाणे व रत्नागिरी आणि मध्यप्रांतात नागपूर येथे इस्पितळे होती. निजामाच्या विस्तीर्ण राज्याला जालना. औषधे म्हणावीत तर ब्रोमाइड आणि पॅराल्डिहाइड, म्हणजे झोप आणणारी. विजेच्या झटक्यांचा उपचार इटलीत १९३८ साली सुरू झाला आणि पुढील दशकात आपल्याकडे आला. मनोविकारावर खरोखर अंमल चालविणारे क्लोरप्रोमाझिन पॅरिसमध्ये १९५२ साली प्रथम वापरले गेले. आपल्या सर्पगंधेचे गुण तर गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्याहून १९३१ मध्येच प्रसिद्ध केले होते, आणि त्या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांच्या १९४९ च्या लेखाने. जालन्याचे रुग्णालय हलविले गेले तो काळ नेमका हा होता. जे विसाव्या, पंचविसाव्या वर्षी आत आले आणि पन्नाशी उलटल्यावर एर्रागड्ड्यास पोहोचले, त्यांच्यासाठी औषध आले, परंतु घरी परत जाण्याचे वय निघून गेल्यावर आले.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाईनंतर निजामी राजवट संपली, आणि पाच वर्षांनी, १९५३ मध्ये, रुग्णालय जालन्याहून राजधानीत एर्रागड्ड्यास आणण्यात आले. कारभाराच्या दृष्टीने हे स्थलांतर सयुक्तिक होते. राजधानीत वैद्यकीय महाविद्यालय होते, तज्ज्ञ होते, आणि उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न होऊन या संस्थेने पुढे मनोविकारशास्त्राच्या शिक्षणाचे जे कार्य केले ते जालन्यास होणे कठीण होते. सुमारे सहाशे खाटांची ही संस्था आज तेलंगणातील गोरगरिबांचा मोठा आधार आहे, आणि अत्यल्प मनुष्यबळानिशी तेथे वर्षानुवर्षे राबणाऱ्या डॉक्टर, परिचारिका व वॉर्डबॉय यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त केल्यावाचून पुढे जाणे उचित होणार नाही. तथापि याच स्थलांतराची दुसरी बाजू अशी की, बीड, परभणी, उस्मानाबादकडील रोगी आपल्या मुलखातून उठून फार दूर आला, आणि जालन्यास जी अडचण तेलुगू रोग्याची होती ती येथे मराठी रोग्याची झाली.

त्यानंतर तीनच वर्षांनी १९५६ साल उजाडले. त्या वर्षी १७ जून रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला. प्राचीन धर्मशास्त्राने उन्मत्ताला दायभागातून वगळून केवळ अन्नवस्त्राचा अधिकारी ठेवले होते. १९२८ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात ही अपात्रता जन्मजात वेडापुरती मर्यादित केली, आणि १९५६ च्या कायद्याने ती जवळजवळ सर्व देशातून समूळ काढून टाकली. म्हणजे एर्रागड्ड्याच्या दालनात बसलेल्या मराठी रोग्याला त्या जून महिन्यापासून वडिलार्जित मिळकतीत इतरांसारखाच वारसाहक्क पोहोचला. आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी जिल्हे म्हैसुरात गेले, आणि रुग्णालय आंध्र प्रदेशात राहिले. ज्याचे गाव एका राज्यात, ज्याची शेती त्या गावात, आणि जो स्वतः दुसऱ्या राज्याच्या खर्चाने पोसला जाणारा, अशा मनुष्याची आठवण ठेवण्याचे कर्तव्य कोणत्या सरकारचे, कोणत्या तहसिलीचे? फाळणीनंतर १९५० मध्ये भारत व पाकिस्तान यांनी वेड्यांच्या इस्पितळांतील रोग्यांची अदलाबदल केली आणि त्या घटनेवर सआदत हसन मंटोंनी ‘टोबा टेक सिंग’ ही कथा लिहिली, म्हणून ती निदान वाचकांच्या स्मरणात आहे. आपल्या या तीन राज्यांच्या विभागणीत सापडलेल्या रोग्यांवर कोणी कथा लिहिली नाही.

येथपर्यंत संस्थेचा वृत्तांत झाला. परंतु संस्थेचा इतिहास म्हणजे इमारती, हुकूम आणि खाटांची संख्या एवढाच नसतो. ज्यांच्यासाठी ती निघाली त्यांचाही तो असतो, आणि त्यांच्याविषयी समाजाने काय लक्षात ठेवले हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला अधिक महत्त्वाचा वाटतो. सिकंदराबादहून एर्रागड्ड्यास जाताना वाटेत बेगमपेठ लागते. तेथे सर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूचा माग लावला, आणि ती इमारत आजही त्यांच्या नावाने जतन केलेली आहे. परंतु रॉस यांच्याबरोबर आणखी एका मनुष्याचे नाव जगाच्या वैद्यकीय इतिहासात राहिले, ते हुसेन खान या रुग्णाचे. हिवतापाने फणफणलेल्या या गरीब माणसाने आपल्या अंगावर डास बसवून घेतले, आणि रक्त पिऊन टम्म झालेल्या प्रत्येक डासामागे रॉसनी त्याला एक आणा दिला. त्याचे नाव टिकले याचे कारण इतकेच की, डॉक्टरने ते लिहून ठेवणे आवश्यक मानले. जालन्यास आणि एर्रागड्ड्यास जे आले त्यांचीही नावे कोणी तरी लिहून घेतलीच असणार. ती नोंदवहीत शिरली आणि तेथेच राहिली.

लोकांच्या बोलण्यात जे उरले ते निराळेच. पुण्याकडे येरवडा, मुंबईकडे ठाणे, आणि आपल्या या शहरात एर्रागड्डा, ही गावांची नावे एखाद्याला वेड्यात काढण्यासाठी सर्रास वापरली जातात, आणि शाळकरी मुलेदेखील ती एकमेकांना चिडविताना उच्चारतात. एर्रागड्डा हे आता मेट्रोचेही स्थानक आहे. लाखो माणसे त्या नावाखालून रोज जातात. हजारो माणसांच्या कोंडलेल्या आयुष्यांचे समाजाने केलेले स्मरण एवढेच असावे, हे या शहरात राहणाऱ्या कोणाही विचारी मनुष्याला दुःखद वाटल्याशिवाय राहणार नाही.

मराठी समाजाने या कोटीतील एका व्यक्तीचे स्मरण मात्र मोठ्या निष्ठेने ठेवले आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले, आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. त्यांना खरोखर वेड लागले होते की तसे ठरविणे कोणाच्या सोयीचे होते, हा वाद अद्याप मिटलेला नाही. त्यांच्या छळाविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी लिहिले, दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली, आणि टिळक व आगरकर यांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. त्या तुरुंगवासावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशे एक दिवस’ हे पुस्तक लिहिले, आणि ते आजही वाचले जाते. यावरून दिसते ते असे की, मराठी मनाला कोंडलेल्या माणसाची कणव नाही असे मुळीच नाही. राजाच्या बाजूने लिहिणारे होते, त्यासाठी तुरुंगात जाणारे होते, आणि म्हणून राजाचे दुःख इतिहासात आले. ज्यांच्या बाजूने कोणी लिहिले नाही त्यांचे दुःख खरे नव्हते असे थोडेच आहे!

ती कणव घराच्या उंबरठ्याशी का थांबली, याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ते कारण म्हणजे सोयरीक. ‘त्या घराण्यात वेड आहे’ एवढे एक वाक्य गावात पसरले की धाकट्या बहिणींची लग्ने अडत, ठरलेली मोडत, आणि पुढच्या पिढीकडेही लोक संशयाने पाहत. म्हणून चुलता ‘काशीस गेला’, आत्या ‘लहानपणीच वारली’, थोरला भाऊ ‘परागंदा झाला’. आपल्या समाजात कुलवृत्तांत सिद्ध करण्याची मोठी आणि अभिमानास्पद परंपरा आहे. मूळ पुरुषापासून आजच्या नातवंडांपर्यंत प्रत्येकाचे नाव, गाव, शिक्षण, हुद्दा त्यांत नोंदविलेला असतो, आणि संपादक त्यासाठी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करतात. तरीही अशा वंशावळीत एखाद्या नावापुढे ‘परागंदा’ वा ‘निःसंतान’ एवढाच शेरा असतो, किंवा नावच नसते. आणि त्या नावाखाली रेघ ओढून घराणे पुढे जाते. मृत्यूची तिथीही घरी कळलेली नसते. ज्यांची तिथी ज्ञात नाही त्यांच्यासाठी आपल्या धर्मशास्त्राने सर्वपित्री अमावास्या ठेवली आहे. त्या दिवशी पान मांडताना जालन्यास अंतरलेल्या चुलत आजोबांचे नाव घ्यावे असे किती घरांतून सांगितले गेले असेल?

ही वृत्ती आपल्याकडे अनादी काळापासून आहे असे समजण्याचे मात्र कारण नाही. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत म्हाइंभटांनी सिद्ध केलेले गोविंदप्रभूंचे चरित्र आहे. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, हे चक्रधरस्वामींचे गुरू आणि महानुभाव पंथाला परमेश्वरस्वरूप. परंतु गावातील पुष्कळांच्या दृष्टीने ते वेडेच होते. ते कोणाच्याही घरात शिरत, हाताला येईल ते अन्न उचलून खात, मुलांत मूल होऊन खेळत, आणि काय बोलतील याचा नेम नसे. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले त्यांना विचारून एकेक प्रसंग टिपला. कोठे बसले, काय खाल्ले, कोणावर रागावले, हे सर्व. त्यांच्या विक्षिप्त वर्तनातील कोणतीही गोष्ट लपविण्यासारखी आहे असे त्यांना वाटले नाही. येथे श्रद्धेचा प्रश्न आहे हे खरे, आणि प्रत्येक मनोरुग्ण हा सिद्धपुरुष असतो असे म्हणणे रोग्याच्या यातनेचा उपहास ठरेल. तथापि ज्याला जग वेडा म्हणते त्याचे जीवन जसे घडले तसे, तपशिलासह, लिहून ठेवण्याइतके मोलाचे असते, हे आपल्या भाषेला तेराव्या शतकात माहीत होते.

परदेशात या दिशेने काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील विलर्डचे जुने रुग्णालय १९९५ मध्ये बंद होताना माळ्यावर चारशेहून अधिक पेट्या सापडल्या. रोग्यांनी आत येताना आणलेल्या, आणि पुन्हा कधी न उघडलेल्या. काही संशोधकांनी त्यांतील वस्तूंवरून त्या माणसांची चरित्रे जुळविली, परंतु सरकारने गोपनीयतेचा कायदा पुढे केल्यामुळे त्यांना खरी नावे छापता आली नाहीत. ऑरेगॉन राज्यात याहून निराळा निर्णय झाला. तेथील सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात सुमारे साडेतीन हजार बेवारस रोग्यांच्या अस्थी तांब्याच्या डब्यांत पडून असल्याचे या शतकाच्या आरंभी उघडकीस आले. तेव्हा त्यांची नावे प्रसिद्ध करण्यात आली, नातलग येऊन आपापल्या माणसाच्या अस्थी घेऊन गेले, आणि २०१४ मध्ये तेथे स्मारक उभे राहिले. या दोहोंत कोणते योग्य, याविषयी विचारवंतांत मतभेद असतील. आपल्याकडील २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेला मोठे महत्त्व देतो, आणि जिवंत रुग्णाच्या बाबतीत ते यथार्थच आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, मृताचे नाव जगापुढे ठेवावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या कुटुंबाचा असला पाहिजे. परंतु तो अधिकार वापरण्यासाठी कुटुंबाला आधी त्या मनुष्याची आठवण असली पाहिजे.

हा केवळ गतकाळाचा प्रश्न नाही. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, घर नाही किंवा घरचे स्वीकारीत नाहीत एवढ्याच कारणास्तव कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. तरीही बरे झालेले पण न्यावयास कोणी न आलेले रुग्ण देशातील बहुतेक सर्व जुन्या मनोरुग्णालयांत आजही आहेत, आणि दाखल करताना दिलेला पत्ता खोटा निघणे हा तेथील कर्मचाऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. आसामातील मचांग लालुंग या गृहस्थांना १९५१ मध्ये पकडून तेजपूरच्या मनोरुग्णालयात नेले, आणि खटला न चालता ते २००५ पर्यंत कोठडीत राहिले. मानवाधिकार आयोगाने हात घातला म्हणून त्यांचे नाव आपल्याला कळले. १९१२ च्या कायद्याच्या व्याख्येत तर मतिमंद मनुष्यही वेड्यांतच गणला जाई. आपल्या सिकंदराबादेत बोवनपल्लीच्या मनोविकासनगरात १९८४ साली मतिमंदांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली, आणि ज्या मुलांना त्यापूर्वीच्या पिढीत कोंडून ठेवले असते ती शिकू लागली, ही या नगराला भूषणास्पद अशी गोष्ट आहे. तिचा स्वतंत्र इतिहास कोणी तरी अवश्य लिहावा.

आणि जालना? १९५३ नंतर मराठवाड्यात सरकारी मनोरुग्णालय राहिले नाही. महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे. औरंगाबादपासून नांदेडपर्यंतच्या रोग्याने पुण्यास वा नागपुरास जावे, नाहीतर पूर्वीच्या ओळखीने हैदराबादची गाडी धरावी. आजही देगलूर, उदगीर, नांदेडकडील माणसे उपचारासाठी या शहरात येतात, आणि तेलुगू पाटीखाली उभे राहून मराठीत वाट विचारणारा वृद्ध बाप येथे कोणालाही भेटू शकतो. अलीकडच्या काळात महाराष्ट्र शासनाने जालन्यास ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास मंजुरी दिली, हे स्वागतार्ह आहे. ज्या गावी अशी संस्था अर्धशतक नांदून गेली त्या गावी ती पुन्हा येत आहे. नव्या इमारतीत जुन्या रुग्णांच्या स्मरणार्थ एक शिळा बसविली जावी, अशी सूचना या लेखाच्या निमित्ताने संबंधितांपुढे ठेवीत आहे.

दुसरी सूचना सिकंदराबादकरांसाठी. निजामी काळचे सरकारी दप्तर आपल्या शेजारी, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात, जतन केलेले आहे, आणि ते बहुतांशी उर्दू व फारसीत आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकलेल्या मराठी मंडळींची पिढी हे दप्तर सहज वाचू शकत होती. ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. आपल्या तरुणांपैकी दोघा-तिघांनी जरी मनावर घेऊन ती लिपी शिकली आणि जालन्याच्या इस्पितळासंबंधीचे कागद चाळले, तरी आज अंधारात असलेले पुष्कळ उजेडात येईल.

शेवटची विनंती घरोघरच्या वडीलधाऱ्यांना आणि कुलवृत्तांताच्या संपादकांना आहे. आपल्या घराण्यातील जे कोणी जालन्यास, एर्रागड्ड्यास, येरवड्यास वा अन्यत्र राहिले आणि तेथेच गेले, त्यांचे नाव, जन्मसाल आणि स्थळ, ठाऊक असेल तेवढे, येत्या आवृत्तीत त्यांच्या भावंडांच्या ओळीत नोंदवावे. ‘परागंदा’ हा शेरा खोटा असल्याचे माहीत असेल तर तो काढून टाकावा, आणि ज्या वयस्क व्यक्तींना अशी नावे आठवतात त्यांना ती आताच विचारून घ्यावीत.